अर्धा किलो

बुंगोमाच्या पुढे रस्ता संपतो तिथे मोटारसायकल लावली,
गिरमिट खांद्यावर, बादली हातात.
बादली प्लास्टिकची; लोखंडी चालत नाही,
गंज मातीत उतरतो आणि अहवाल खोटं बोलतो.

दारात नान्जाला खिसा, कोंबड्या हाकलत.
"माती कशाला नेतेस? कुणाचं वाईट करायचंय?"
इकडे दुसऱ्याच्या पावलाखालची माती उचलणाऱ्याला
लोक चांगलं समजत नाहीत.
तपासायला, मी म्हटलं.
"आजारी तर मी आहे."

मग नाव विचारलं. नेलिमा.
"म्हणजे नांगरटीत जन्मलीस.
मी उपासमारीच्या वर्षातली, म्हणून नान्जाला.
चल."

पाऊण एकर. तांबडं, उताराचं.
मका कमरेला लागायचा तो गुडघ्याशी थांबलेला
आणि पानांच्या कडा जांभळ्या,
गारठलेल्या पोराच्या ओठांसारख्या.

मी नागमोडी चालत गेले.
गवत बाजूला, गिरमिट फिरवायचं, वीतभर खाली, उचलायचं.
बांधाजवळ नको. झाडाखाली नको.
जुन्या गोठ्याची जागा नको.
अकरावा खड्डा झाला तेव्हा तिनं मनगट धरलं.
"इथली घे. इथला मका बघ."

केळीच्या आडोशाला दगडांची एक लांबट रांग.
भोवतीचा मका काळपट हिरवा, माझ्याहून उंच.
"सितुमा. चार वर्षं झाली."

नियम सांगतो, वेगळी दिसणारी जागा वगळावी,
सरासरी बिघडते.
तिला हे कुठल्या तोंडानं सांगू?
दुसरी पिशवी काढली.
चिठ्ठीवर प्लॉट नंबरच्या जागी पेन्सिलनं लिहिलं: सितुमा.

बाकीची माती कापडावर पसरली,
चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकले,
उरलेले कालवले, पुन्हा चार, पुन्हा दोन टाकले.
"एवढं खणून फेकतेस?"
राहिली अर्धा किलो.
तिनं चिमूटभर उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.
"आंबट," म्हणाली, आणि थुंकली.

तीन आठवडे.
सावलीत वाळवणं, कुटणं, चाळणं, पाण्यात ढवळणं,
काचेची नळी बुडवून
आकडा थरथरायचा थांबेपर्यंत बघत बसणं.
सामू चार पूर्णांक सात.
म्हणजे, आंबट.

गेले तेव्हा ती कणसं सोलत होती. बोटाएवढी.
वाचून दाखवलं:
स्फुरद आहे, पण मातीनं मुठीत आवळून धरलाय.
दर हंगामाला तेच एक खत, त्यानंच आंबट झालीय.
आता एकरी आठशे किलो चुना लागेल.
"सोळा वर्षं दुकानदार चुना लावत होता," ती म्हणाली,
"आता तू खरा आणतेस."
हसली. मग न हसता, "किती शिलिंग?"
सांगितलं.
उताराकडे बघत राहिली. एक शेळी, म्हणाली.
थोड्या वेळानं: नाही, दोन.

"आणि त्याची?"
दुसरा कागद मी घडी करून खिशात ठेवला होता.
सहा पूर्णांक चार. छान आहे.
"देतोय अजून," तिनं कणीस खाली ठेवलं.
मी विचारायला नको होतं, पण विचारलं:
मयताच्या वेळी तिथं शेकोट्या होत्या?
"तीन रात्री. माउंट एल्गॉनच्या पायथ्यापासून माणसं आली होती.
लाकडं पुरेनात, तर शेजाऱ्यांनी कुंपणं मोडून आणली."
राख, मी म्हटलं. राखेनं आंबटपणा मरतो.

कोंबडी येऊन सोललेले दाणे टिपू लागली.
तिनं हाकललं नाही.
"म्हणजे तो नव्हे."
मला उत्तर सुचेना.
"शेजारी," ती म्हणाली,
स्वतःशीच, जिभेवर काही ठेवून पाहावं तशी.

मी गिरमिट बांधेपर्यंत
ती चुलीपुढे उकिडवी बसून राख भरत होती,
आणि आतूनच ओरडली:
"याला लोखंडी बादली चालते ना?"